शिवणीपुरती जागा

घालाच्या वर्कशॉपात तीस वर्षं
मी थंड हवेला वाट करून दिली.
पत्रा मापला, कापला, दुमडला,
मस्कतच्या कितीतरी छतांत पोटावर सरपटत
डक्टला डक्ट जोडत गेलो.
आज डॉक्टर बद्रिया माझ्याच छातीचा नकाशा
पडद्यावर लावून म्हणतात,
उजवीकडे तीन खण, डावीकडे दोन,
हा उजवा, वरचा, आणि हा ठिपका.
सतरा मिलिमीटर.

सतरा मला ठाऊक आहे.
सतरा नंबरच्या पान्यात बसतो
तेवढा नट.

लिसम्मा सिस्टर हिंदीत सांगते,
मी मनात मराठी करत जातो.
वेज म्हणजे पाचर.
आमच्याकडे पाचर मारतात, ती दुसऱ्याच्या कामात;
इथे ती काढतात,
कडेकडून, ठिपक्यासकट. शिडी लवकर चढाल.
सेगमेंट म्हणजे खणातली एक फांदी,
तिची हवा, तिचं रक्त, सगळं मुळापासून.
आणि लोब म्हणजे अख्खा वरचा खण,
जुनी, पक्की पद्धत.
बरगड्या फाकवायच्या नाहीत,
तीन भोकं, एक कॅमेरा.
(गळका जोड शोधायला आम्हीही आता कॅमेराच घालतो.
पूर्वी अख्खं छत उतरवायचो.)

मी पाचर मागितली.
सरळ म्हटलं, मॅडम, कमीत कमी काढा.
व्हिसावर मी फॅब्रिकेटर आहे, आजारी नाही.
एप्रिलपासून सीझन,
मृण्मयीचं शेवटचं वर्ष.

त्यांनी वाद घातला नाही.
माझ्या खिशातली मार्किंगची पेन्सिल मागून घेतली,
कागदावर ठिपका काढला, भोवती गोल,
म्हणाल्या, हा जरा खोल बसलाय.
पाचरीत कड पातळ राहील.
भोवती निरोगी दोन सेंटिमीटर तरी हवेत.

कड.
पुढचं भाषांतर मला लागलं नाही.
नव्या पोराला पहिल्याच दिवशी मी हे शिकवतो:
रेघेवर कापू नकोस,
शिवणीपुरती जागा सोड.
पत्रा वाचवणाऱ्याचे जोड वर्षभरात गळतात,
आणि ती छतं मीच पुन्हा उघडलीत,
भर ऑगस्टात.

मग अख्खा खणच का नको, मी विचारलं.
त्यांनी माझ्या फुंकरीचा कागद पुढे केला.
नळीत जीव खाऊन फुंकलो होतो तरी
आकडे बेताचेच.
काचलोकर, पत्र्याची धूळ,
आणि खोटं कशाला बोला, बिड्या.
एवढ्याशा ठिपक्याला फांदी पुरते, बहुतेकदा.
गाठींत काही दिसलं
तर टेबलावरच बेत बदलू, त्याचीही सही द्या.
"बहुतेकदा" हा शब्द सिस्टरनं
दोनदा सांगितला.

रात्री कुडाळला फोन लावला.
उर्मिलाला खण, फांदी, पाचर सगळं सांगितलं.
ती इतका वेळ गप्प
की मी दोनदा हॅलो म्हटलं.
मग म्हणाली, "म्हणजे गरो काढतले, फणस ठेवतले."
तसंच काहीसं, मी म्हटलं.
"मगे तिका इचार,
तुझो फणस कापो की बरको?
बरक्याचो गरो असो सुटो येणा नाय."

हसता हसता खोकला आला,
खोलीतले सातही जण उठून बसले.
गुलज़रीननं पाणी दिलं,
म्हणाला, शिडी मी धरतो.
कुठली, ते त्याने सांगितलं नाही.

दिवा विझला. एसी चालूच,
डक्ट आमच्याच हातचा,
आठ जणांचा श्वास आत ओढून
थंड करून परत देत होता.
पडल्या पडल्या ऐकत राहिलो.
दाराच्या वर कुठेतरी एक जोड
बारीक शिटी वाजवतोय,
कुणी तरी घाईत, रेघेवर कापलेला.
सोमवारच्या आत
तेवढा बघून घ्यायला हवा.